मानाच्या कांड्या

“मानूस किती वाकडा हाय ते बघाचा आसंल, त त्याला एकदा मान देऊन बघाचा,” लडकू एकदा म्हणाला होता.

हे त्यानं लेथवर काम करता करता सांगितलं. समोर हातभर लांबीचं लाकूड गरगरत होतं आणि तो ते पटाशीनं बारीक करत होता. लाकूड नुसतं ठेवलेलं असतं तोवर सरळ दिसतं. फिरायला लागलं की त्याचा बाक कळतो. माणसाला मान म्हणजे लेथ, असं लडकूचं म्हणणं.

लडकूची शेड भिवंडीजवळच्या पूर्णा गावात आहे. एका गोदामाच्या निळ्या पत्र्याच्या भिंतीला पाठ टेकून ती उभी आहे. ही भिंत इतकी लांब आहे की तिच्या कडेनं शिफ्टला निघालेला माणूस चालतोय तरी जागचा हलत नाही असं वाटतं. लडकूचा बाप मागाच्या कांड्या करायचा, नंतर लडकू करू लागला. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसते ती ही कांडी: बोटाएवढी जाड, एका टोकाला निमुळती, अंगावर सूत गुंडाळून घेणारी. भिवंडीत रात्रंदिवस माग खडखडत होते तोवर लडकूच्या शेडमध्ये हेदूच्या लाकडाचा पिवळा भुसा घोट्यापर्यंत साचलेला असे. मग प्लास्टिकच्या कांड्या आल्या. त्या फुगत नाहीत, तडकत नाहीत. “आनि त्यांच्याशी बोलता येत न्हाय,” लडकू म्हणतो. त्यानंतर तो लाटणी करू लागला, पलंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब. हात मात्र बारीक कामाला सोकावलेला. पलंगाचा पाय करताना तो जांभया देत असे.

जादूच्या कांड्या त्यानं मनालीसाठी सुरू केल्या. मनाली म्हणजे त्याच्या बहिणीची, पार्वतीची मुलगी. पार्वती गावातच दिलेली, दोन गल्ल्या पलीकडे. मनाली लहान असताना गणपतीत एक जादूगार आला होता. त्याची काळी कांडी बघून ती घरी येऊन रडत बसली. लडकूनं मागाची एक खराब झालेली कांडी लेथवर चढवली, आणखी बारीक केली, मुठीपाशी दोन कडी कोरली, लाख चढवली.

“ही आईवर फिरव,” तो म्हणाला, “आईचा राग जातो.”

मनालीनं फिरवली. पार्वतीनं तीच कांडी हिसकावून तिच्या पाठीत घातली. पोर रडत परत आली.

“मामा, ही चालत नाय.”

“चालली की! बघून ये. आई आता रागात हाय का?”

पोरगी जाऊन बघून आली. आई खरंच रागात नव्हती.

तेव्हापासून तो या कांड्या करत आला आहे. विकत नाही, भेट देतो. बारीक लाकूड लेथवर धरणं हे चिडक्या माणसाला समजावण्यासारखं आहे. दोन टोकं घट्ट असतात, पण मध्ये ते लचकतं, थरथरतं, पटाशी लागली की उसळतं. म्हणून लडकू उजव्या हातानं पटाशी चालवतो आणि डाव्या हाताची बोटं लाकडाच्या मागे टेकवतो. जास्त दाबलं तर मोडतं, सोडलं तर थरथरतं. बोटं गरम होतात. या कामात तो बोलत राहतो, बहुधा बोटांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून.

कांडी देताना तो तिचा उपयोग सांगतो, तोंडाची सुरकुतीही न हलवता. पडघ्याच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती तेव्हा त्यानं वाहतूक हवालदाराला एक दिली. “साहेब, शिटीनं काय व्हत न्हाय. ही फिरवून बघा.” हवालदारानं फिरवली. ट्रक हलले नाहीत, पण ड्रायव्हर हसायला लागले आणि हवालदारालाही बरं वाटलं. शेजारच्या गुणाबाईच्या नळाला पाणी येत नव्हतं, तिला एक दिली. तिनं संतापून ती नळावर आपटली आणि नळातून खोकल्यासारखा आवाज होऊन पाणी आलं. तेव्हापासून गुणाबाईला लडकूची थोडी भीती वाटते. ती त्याला अधूनमधून खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण पाठवते.

लग्नांमध्ये लडकू मागच्या खुर्चीवर बसतो आणि मानपान बघतो. आपल्याकडे लग्नात माइकवर नाव पुकारून टॉवेल-टोपी देतात. नाव आधी आलं की मान मोठा, नंतर आलं की छोटा, विसरलं की पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद. टॉवेल कुणी वापरत नाही. लडकूचा भावोजी, पार्वतीचा नवरा रामनाथ, गोदामांना जमीन भाड्यानं देऊन सुखवस्तू झालेला माणूस, त्यानं एका लग्नात दिलेला टॉवेल गावोगावची लग्नं करत शेवटी त्यालाच मानाचा म्हणून मिळाला. कोपऱ्यावरचा रश्शाचा डाग त्यानं ओळखला. लडकूनं ही गोष्ट इतक्या जणांना सांगितली की रामनाथ त्याला टॉवेलच्या विषयावरून काही काळ टाळत होता.

फक्त एका मानाची थट्टा लडकूनं कधी केली नाही. मुहूर्ताच्या वेळी भटजी हाक देतात, मामांनी मुलीला आणावे, आणि मामा मुलीचा हात धरून तिला मांडवात नेतो. लडकूनं लग्न केलं नाही. कारण विचारलं की “कोनी बोलावलाच न्हाय” म्हणतो. पोरं नाहीत. मनाली त्याच्या भुशात खेळून मोठी झाली. तिचं लग्न ठरलं तसा त्याच्यात एक बदल झाला. त्यानं पांढरा सफारी शिवून घेतला, नवे बूट आणले आणि शेडमध्ये चालायचा सराव सुरू केला. एका दुपारी गुणाबाईनं त्याला पाहिलं. एक हात पुढे, हातात लाटणं, आणि तो सावकाश पावलं टाकत लेथकडून दाराकडे येत होता.

“लडकू, लाटन्याला कुठं नेतंस?”

“मांडवात.”



मनाली आता काल्हेरच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. हातात स्कॅनर, पायात जाड बूट, ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडते. पडघ्याचा भावेश तिथे टेम्पो लावायचा. चुकीचा माल भरला म्हणून तिनं त्याचा टेम्पो अख्खा उतरवायला लावला, तिथून जमलं. भावेशचे वडील नाहीत. घरात शब्द चालतो तो थोरल्या काकांचा, केसरीनाथचा. केसरीनाथ हे पडघ्यातलं रुसण्यातलं मोठं नाव. तो न रुसता पार पडलेलं लग्न म्हणजे लग्न झालंच नाही असं त्याचे भाऊबंद मानतात.

मानाचे टॉवेल नकोत, मामाच्या कांड्या द्यायच्या, ही कल्पना मनालीची.

रामनाथ घाबरला. “लोक काय म्हनतील? टॉवेल त टॉवेल हाय. त्याला कोन काय बोलत न्हाय.”

“म्हणूनच,” मनाली म्हणाली. “पप्पा, आपल्याकडचे टॉवेल संपवायला आणखी एक लग्न करावं लागेल.”

रामनाथनं मान्य केलं. लडकू कामाला लागला. जुन्या मागांची लाकडं, रस्त्यासाठी पाडलेल्या चिंचेची फांदी, बोर, शिसव, जे हाताशी होतं ते त्यानं वापरलं. लाकूड जिथवर निकोप तिथवर कांडी. कुठे गाठ आली तर तिच्याआधी थांबायचं. त्यामुळे प्रत्येक कांडीची लांबी निराळी झाली. याचं लडकूला काही वाटलं नाही. त्याला वाटायला हवं होतं. आयुष्यभर मानपानाचा अभ्यास केलेल्या माणसाची ही चूक, आणि ती त्याच्या गावात कुठलंही शेंबडं पोर करणार नाही.

लग्न पडघा रस्त्यावरच्या हॉलमध्ये, गोरज मुहूर्तावर होतं. दुपार कलल्यावर माइकवर नावं पुकारली. नवऱ्याकडची वडीलधारी मंडळी एकेक करून उठली. जाड माणसं, जाड साखळ्या, कडक इस्त्री. लाल कापडात गुंडाळलेली कांडी हातात पडल्यावर प्रत्येकाचा चेहरा क्षणभर कोरा झाला. एकानं तिच्यानं पाठ खाजवून पाहिली. एकानं ती शेजाऱ्याकडे रोखून “बेडूक हो” म्हटलं. शेजारी म्हणाला, “तुझ्याशेजारी बसून तोच झालोय.” हसू पसरलं. लडकू मागच्या खुर्चीवर बसून हे सगळं मिटक्या मारत बघत होता.

मग केसरीनाथच्या धाकट्या भावानं आपली कांडी सहज केसरीनाथच्या कांडीशेजारी धरली.

 बाकीच्यांनी आपापल्या कांड्या एकमेकींना लावून पाहिल्या. सगळ्यांत आखूड केसरीनाथची होती. बोराचं लाकूड, गाठ लवकर आली होती.

केसरीनाथ उठला, चपला घातल्या आणि पार्किंगमध्ये जाऊन आपल्या गाडीत बसला. रुसण्याला नियम असतात. रुसलेल्यानं लांब जायचं, पण दिसेल इतकंच. आपण होऊन कारण सांगायचं नाही. समोरच्या पक्षानं यायचं, काय चुकलं, काय पाहिजे, असं विचारायचं. रुसलेल्यानं काही मागायचं, समोरच्यानं ते द्यायचं आणि रुसलेल्यानं उठायचं. यातलं काही चुकलं की लग्न अडतं. नवऱ्याकडून लगेच निरोप आला: शेठ आल्याशिवाय भावेश मांडवात येणार नाही.

रामनाथ लडकूकडे आला. घामानं त्याचा फेटा ओला झाला होता. “तुझी कांडी, तूच निस्तर. पाया पड, काय पन कर. मुहूर्त गेला त मी तुला या रस्त्यावर गाडून टाकीन.”

लडकू पार्किंगमध्ये गेला. गाडीची काच चार बोटं खाली आली. आतून थंड हवा आली.

“पाव्हनं, कोन तुमी?”

“पोरीचा मामा. कांड्या मीच केल्या.”

“आखूड तुमीच केली?”

“मीच.”

“माझ्या धाकट्याला लांब, मना आखूड. वा.”

“शेठ, काय चुकलं ते कललं. पन आधी आयका. आयुष्यभर कांड्या केल्या मी. लांब कांडी कवा पन हलते. आखूड घट्ट. जादूचं तसंच हाय. लांब कांडीत जादू मुठीतून निंगते आनि टोकाला येईपरत दमते. आखूड कांडीत थेट.”

केसरीनाथनं कांडी डोळ्यांसमोर धरली. “थेट?”

“तुमचा हात बघूनच केली.”

“माझा हात कवा बघितला?”

“साखरपुड्याला. पेढा उचलत व्हते तवा. मी बोललो, हा हात लांब कांडीचा न्हाय.”

केसरीनाथनं मागणं म्हणून एक नारळ मागितला, घेतला आणि उठला. हॉलमध्ये शिरला तेव्हा त्याची छाती मघापेक्षा पुढे होती. लांब कांडी म्हणजे काय आणि आखूड कांडी म्हणजे काय, हे त्यानं खुर्च्यांच्या रांगेतून जाताना प्रत्येकाला समजावलं. धाकट्या भावाला दोनदा.

थोड्या वेळानं धाकटा भाऊ लडकूजवळ आला. आवाज बारीक करून म्हणाला, “मामा, माझी जरा कमी करून देता?”

इथे लडकूनं थांबायला हवं होतं. पण समोर माणूस फिरायला लागला होता, आणि फिरत्या वस्तूपुढे लडकूचा हात थांबत नाही. त्यानं मांडववाल्याची करवत मागून आणली. मुठीकडून वीतभर कापली. मागे रांग लागली. एकानं अर्धी कापून नेली, ती बघून आधीचा परत आला. मग आपल्या कांडीएवढ्या सगळ्यांच्या झाल्यात हे केसरीनाथच्या लक्षात आलं. तोही रांगेत उभा राहिला, रांग मोडून पुढे आला, आणि म्हणाला, “माझी सगल्यांपेक्षा थेट पायजे.” लडकू कापत राहिला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्यानं हसू आवरलं होतं. खुर्चीखाली कोरलेल्या मुठी पडत होत्या, लाख चढवलेल्या, गुळगुळीत. कापताना त्यांचा वास येत होता. प्रत्येक लाकडाचा वेगळा.

शेवटी मंडळींच्या चिमटीत मावतील एवढे तुकडे उरले. तेवढ्यात नवऱ्याची आजी, केसरीनाथची आई, हिचं लक्ष गेलं. तिला ऐकू कमी येतं, म्हणून ती मोठ्यानं बोलते.

“केसरी! हातात काय रं? दात कोराला घेतलंस?”

आधी बायका हसल्या. मग बँडवाले हसले. मग सगळा हॉल.

केसरीनाथनं आपल्या चिमटीकडे पाहिलं. त्याला सगळं एकदम समजलं. या वेळी तो गाडीकडे गेला नाही. जागेवरच उभा राहून त्यानं रामनाथला बोलावलं.

“ह्या मानसानं आमची भर मांडवात थट्टा केली. लग्नाला आमची ना न्हाय. पोरगी चांगली हाय. पन हा मांडवात आला त आमी न्हाय. मामा दुसरा बघा.”

रामनाथनं बघितला. पार्वतीचा एक चुलतभाऊ काल्हेरहून आला होता. त्याला जेवणाच्या पंगतीतून उठवून फेटा बांधला. त्याच्या मिशीला मठ्ठा लागलेला होता. मग रामनाथ लडकूकडे आला. त्याच्याकडे न बघता म्हणाला, “लडकू, तू आज मागंच रहा.”

“बरं झालं,” लडकू म्हणाला, “बूट चावतच व्हते.”

तो नवरीच्या खोलीबाहेर एका उलट्या घातलेल्या टोपल्यावर बसला. बूट काढले. थोड्या वेळानं ते परत घातले, कारण काढून बसलेला माणूस घरी चालल्यासारखा दिसतो. आत पार्वतीनं मुलीला सगळं सांगितलं. लडकूला ते ऐकू येत होतं. भिंती प्लायवूडच्या होत्या.

“दादूसनं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला,” पार्वती म्हणाली. “चल आता. काल्हेरचा मामा दारात उभा हाय.”

मनाली उठली नाही.

“मनाली.”

“मी रुसले,” मनाली म्हणाली.

“काय?”

“रुसले. नवऱ्याकडच्यांनाच रुसता येतं असं कुठे लिहिलंय? त्यांच्या काकांना सांगा, नवरी रुसली. काय चुकलं ते विचारायला या म्हणावं.”

नवरी रुसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण नियमात बसत होतं. काल्हेरचा मामा मिशी पुसून बाजूला झाला. केसरीनाथ आला. येताना त्याचा चेहरा रागीट होता, पण चालीत एक गंभीर सावधपणा आला होता, एखादा गवई दुसऱ्याच्या मैफलीत शिरतो तसा. त्यानं उंबऱ्याजवळ चपला काढल्या. टोपल्यावरच्या लडकूकडे पाहिलं नाही.

“काय चुकलं, सूनबाई?”

“मामा चुकला.”

“काय पायजे?”

“मामा.”

“हाय ना दारात एक.”

“तो पाहुणा आहे. माझा पाहिजे.”

“पोरी, त्यानं आमाला नागवं केलं चारचौघांत.”

“त्यानं नुसती करवत धरली होती, काका. रांगेत तुम्ही उभे होतात.”

पार्वतीनं तोंडाला पदर लावला. केसरीनाथ खोकला.

“दुसरं काय पन माग. सोन्याचं माग.”

“सोनं उद्या मागते. आज मामा.”

“मुहूर्त चाललाय.”

“जाऊ दे. तुमच्या गाडीत एसी आहे ना? मी पण येऊन बसते. जरा सरकून बसा.”

केसरीनाथनं तिच्याकडे नीट पाहिलं. आपल्यामागे पडघ्यात ही विद्या कोण चालवणार, ही काळजी त्याची त्या क्षणी मिटली असावी. त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि त्यानं ते लगेच दाबलं.

“येऊ दे त्याला,” तो म्हणाला. “पन माझी पन आट हाय. मांडवात पोचेपरत तोंड उघडाचं न्हाय. एक शब्द. एक शब्द जरी बोलला त मी सरळ घरी, आनि भावेश माझ्या मागं.”

बाहेर माइक खरखरला. भटजींनी हाक दिली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.

लडकू उठला. सफारीवरचा भुसा झटकला. दारात आला. खोलीत केसरीनाथ कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि मघापासूनच्या धावपळीत त्याचा फेटा एका बाजूला सरकून कानावर बसला होता. त्यातून कान असा बाहेर आला होता की जणू फेट्यानं तो उघड्यावर टाकला होता. लडकूनं तो कान पाहिला. त्याचे ओठ हलले. पार्वतीनं हात जोडले.

मनालीनंही तो कान पाहिला होता. ती उठली, पदर सावरला, मामाजवळ आली आणि हळूच म्हणाली, “मामा, काकांचा फेटा बघितलास का?”

लडकूचे गाल फुगले. मानेची शीर ताठ झाली. डोळे मोठे झाले, भरून आले, आणि ते नेमकं कशानं, हे त्या खोलीतल्या कुणालाच ठरवता आलं नाही.

त्यानं हात पुढे केला. मनालीनं तो धरला. केसरीनाथच्या अगदी जवळून, त्याच्या कानाखालून, लडकू तिला घेऊन काही न बोलता बाहेर पडला.